फुगडीनंतरचा परवा

मंगळागौरीच्या रिंगणातून नणंद आली आणि माझ्यापुढे तिने दोन्ही हात केले.
"वहिनी, ऊठ. अंग हललं की थकवा पळतो. गेल्या वर्षी किती छान खेळलीस."

"ते सगळ्यांनी पाहिलं," मी खुर्चीतूनच म्हटलं. "तिसऱ्या दिवशी मला केससुद्धा विंचरता येईनात, ते कोणी पाहिलं नाही. हा थकव्याचा आजारच तसा आहे, श्रमाचा त्रास दोन दिवसांनी वर येतो."

"मनाचे खेळ गं सगळे."

मी पदर खोचला, उठले आणि तिचे हात घट्ट धरले. "चल, घालू फुगडी. पण परवा सकाळी माझ्याकडे यायचं. मला भरवायचं, धरून न्हाणीघरात न्यायचं. मी उठून बसेपर्यंत राहायचं. कबूल?"

बायकांचं गाणं थांबलं. तिचे हात सैल पडले.

"मग माझी खुर्ची मधोमध ओढ," मी म्हटलं. "गाणं मी म्हणते."

तिने ओढली.