दुसरी वायर

देवळीजवळच्या एका कॉलेजात लायब्ररीला चुकून दोन वायरी जोडल्या गेल्या, की सगळं नेटवर्क बसायचं. नेटवर्क सांभाळायला नव्यानं आलेल्या साकेतनं, सगळ्या वायरी जिथं जोडतात त्या स्विचमध्ये, स्पॅनिंग ट्री नावाची सोय चालू केली. तेव्हापासून जास्तीची वायर स्विच स्वतःच झोपवून ठेवू लागला.

"वायरी आमी ओढल्या, अन् वाहवा याले," लॅबचे जुने माणिकभाऊ म्हणाले, आणि साकेतची फजिती व्हावी म्हणून गुपचूप दुसरी वायर जोडून आले. नेटवर्क ढिम्म हललं नाही.

पुढच्या आठवड्यात उंदरानं मूळ वायर कुरतडली. झोपलेली वायर जागी झाली, लायब्ररी चालूच राहिली. प्राचार्यांनी साकेतचा सत्कार केला. शाल माणिकभाऊंच्या हातून.

"शिका काही याच्यापासून, माणिकभाऊ," प्राचार्य म्हणाले. "यानं दुसरी वायर कवा लावून ठेवली, तुमालेही पत्ता लागू देला नाई."