पाठ फिरवल्यावर

आमगावला मी मुलांना फुकट कॉम्प्युटर शिकवतो. कॉम्प्युटर एकच आहे, म्हणून त्याच्या आत प्रत्येकासाठी एकेक आभासी कॉम्प्युटर तयार करून देतो. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम मात्र ज्याची त्यानेच टाकायची. पासवर्ड टाइप होत असताना मी पाठ फिरवायची, हा आमचा जुना नियम.

डिंपलचं सिस्टीम टाकायचं काम चौथ्यांदा अडकलं. उद्या प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि तिचं एकटीचंच राहिलं होतं.

"काऊन असं करून राहिलं जी, सर? डिस्क भरली म्हणते."

"कोरी आहे बेटा. आत्ताच तर केली."

माझे डोळे चुरचुरत होते. डिस्क पुसली, नवी केली, मेमरी वाढवली. पुन्हा तेच.

"तुमच्यावानीच थकलं वाटते जी हे."

शेवटी मी सिस्टीम टाकणारी इन्स्टॉलरची फाइलच काढून टाकली आणि तिचा कोरा आभासी कॉम्प्युटर सुरू केला. आता 'सिस्टीम सापडली नाही' असं यायला हवं होतं.

स्क्रीनवर डिंपलचं नाव आलं. खाली पासवर्डची चौकट होती.

"नाव टाकाच्या पानावर मी पोचलीच नाही, सर," म्हणत ती खुर्चीवरून उठली आणि दारापाशी गेली.

पासवर्डची चौकट समोर होती, म्हणून सवयीनं मी पाठ फिरवली. समोर दारात डिंपल उभी होती, ओढणी दोन्ही हातांत घट्ट धरून. वर्गात तिसरं कोणी नव्हतं.

माझ्यामागे कीबोर्डची बटणं वाजू लागली. हळूहळू, एकेक अक्षर शोधत, नवी मुलं टाइप करतात तशी.