मधलं नाव

अशी कल्पना करा, बाळांनो. शनिवारची सकाळ आहे, शाळेला सुट्टी आहे, तुमच्या बाबाच्या मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप आहे आणि बाबा म्हणतो, "चल, आज एंटर तू दाब." तुम्ही दाबाल की नाही? पूर्वीने दाबलं.

नऊ वर्षांची होती ती. लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत एवढा मोठा मान तिला कधी मिळाला नव्हता.

तिचा बाबा, निलेश घाडी, एका परदेशी बँकेत कामाला होता. बँक एका देशाची, तिची गिऱ्हाइकं दुसऱ्या देशात, आणि रोजचं काम परळच्या काचेच्या इमारतीत. गिऱ्हाइकांच्या त्या देशात बावीस वर्षं एकच माणूस खुर्चीवर होता. त्याच्याविरुद्ध कोणी बोललं की बोलणाऱ्याचं नाव सरकारच्या यादीत येई. यादी बँकेकडे येई आणि बँकेकडून निलेशकडे. यादीतल्या माणसाचं आणि त्याच्या घरच्यांचं खातं शोधायचं आणि बंद करायचं. एंटर दाबलं की खातं बंद, आणि नाव तिथल्या पोलिसांकडे. पुढे त्या माणसांचं काय होतं, हे निलेशने सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी तो घरूनच काम करी. घरच्यांना स्क्रीन दाखवायची नाही असा बँकेचा नियम होता. पण पूर्वी खांद्यावरून डोकवायची, आणि त्याला तिचं कौतुक होतं.

"बाबा, हा कोण? दावित कोल्मार?"

"लेखक आहे. पळालाय."

"चोरी केली?"

"नाही गं. सरकारविरुद्ध लिहिलं."

"मग?"

"मग काही नाही. तू नावं बघ."

तिने नावं पाहिली. नजर खरंच बारीक होती तिची. गिऱ्हाइकांच्या नावांवरून बोट फिरवता फिरवता ती ओरडली, "बाबा, ही बघ! इरेना दावित कोल्मार. मधलं नाव दावित. म्हणजे ही त्याची मुलगी!"

निलेशने पाहिलं. पूर्वी निलेश घाडी. निलेश आनंदा घाडी. मधलं नाव बापाचं. यात आणखी तपासायचं ते काय?

"हुशार गं माझी बाय," तो म्हणाला, आणि एंटर तिला दाबू दिलं.

संध्याकाळी गॅलरीत ती मैत्रिणींना सांगत होती, "मी आज चोराची पोरगी पकडली." निलेशने ते ऐकलं. तो हसला, पण तिला दुरुस्त केलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या देशातल्या शाखेतून पत्र आलं. इरेनाबाई त्या लेखकाच्या कोणीही लागत नाहीत, असं त्यात होतं. आमच्याकडे मधलं नाव बापाचं नसतं. बारशाला बाळाला जो मांडीवर घेतो, तो ते ठेवतो. आडनाव तर इथे गल्लोगल्ली आहे. बाई बालवाडीत शिकवतात. गुरुवारी पोलिसांनी त्यांना वर्गातून नेलं. चूक बँकेची होती असं तुमच्याकडून लेखी आलं, तरच त्यांना सोडवता येईल. सोबत फॉर्म आहे.

निलेशने पत्र दोनदा वाचलं आणि साहेबांना, धनेशसरांना, फोन लावला.

"सर, चूक माझी आहे. फॉर्म भरू?"

"येडा झालास काय? बँकेला तिथे धंदा करायचाय. त्या सरकारला 'आमचं चुकलं' म्हणून कोण कळवणार? आधी तुलाच घरी बसवतील. यादी त्यांची, पोलीस त्यांचे. तू काय केलंस? नाव जुळवलंस. गप बस आणि ते पत्र उडवून टाक."

फोन बंद झाला. फॉर्म समोर उघडाच होता. चूक कोणाकडून झाली, असा शेवटचा रकाना होता. मोरीपाशी त्याची बायको दर्शना बांगडे साफ करत होती. "बाप-लेकीचा गेम आटपला असेल तर कोणीतरी खाली जाऊन कोकम आणा," ती म्हणाली. नोकरीचं हिला कसं सांगायचं? निलेशचा हात फॉर्म बंद करायला पुढे गेला.

"ती बालवाडीची टीचर आहे?"

पूर्वी मागे उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"खेळायला जा, पूर्वी."

"मुलगी नव्हती त्याची?"

"नव्हती."

"पण मीच सांगितलं ना तुला. मीच दाबलं."

"तू काही केलं नाहीस, बाय. तुला काय माहीत?"

"तुला माहीत होतं?"

पूर्वी स्क्रीनकडे वाकली. मग हळूच म्हणाली, "आणि खरंच मुलगी असती, तर चाललं असतं?"

सहा वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

पूर्वी त्याच्या बाजूला बसली. लॅपटॉप तिने आपल्याकडे ओढला, आणि शेवटच्या रकान्यात एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, शाळेच्या वहीवर लिहिते तसं आपलं पूर्ण नाव लिहिलं. पूर्वी निलेश घाडी.

निलेश त्या तीन नावांकडे बघत राहिला. मग त्याने त्यातलं पहिलं नाव पुसलं. उरलेली दोन तशीच ठेवली. एंटरवर बोट ठेवलं, पण ते दाबलं जाईना.

तेव्हा पूर्वीने त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं, आणि दाबलं.