लाल पाच

भिंगाखाली पाचाचा आकडा लाल दिसला आणि अर्पिताचा हात थांबला. लेन्सच्या अंतर दाखवणाऱ्या कड्यावरचे बाकीचे सगळे आकडे पांढरे होते. तीन आणि दहा यांच्या मध्ये तो एकटाच डाळिंबाच्या दाण्यासारखा उठून दिसत होता.

“हीच,” ती पुटपुटली. “अगदी हीच.”

समोर शिवप्पा बसले होते. तुळजापुरात देवीच्या महाद्वारापाशी भाविकांचे फोटो काढणारा ‘शिवप्पा फोटो स्टुडिओ’ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. येणारा प्रत्येक जण आता खिशातूनच कॅमेरा काढत होता. शिवप्पांची पाटी, कॅमेरा आणि भिंतीवरची नव्या जोडप्यांची छायाचित्रं तेवढी उरली होती.

अर्पिता जुन्या लेन्सची पारख करत असे. दूरदूरचे संग्राहक तिच्या शब्दावर विसंबून असत. काच सगळ्यांची सारखीच. फरक असायचा तो अंगावरचा. कड्यावरच्या खाचा, अक्षरांची जाडी, आकड्यांत भरलेला रंग. परदेशातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याची ही लेन्स, आणि या एकाच लेन्सचे तेरा प्रकार तिनं अकरा वर्षांत नोंदवले होते. चौदावा, लाल पाचाचा, दोनच संग्राहकांकडे आढळला होता. त्या दोन लेन्स कुठून आल्या, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. तीन नग स्वतः पाहिल्याशिवाय प्रकार मानायचा नाही, असा अर्पिताचा नियम होता. पुस्तक छपाईला जायचं होतं. चौदाव्या प्रकारासाठी तिनं एक पान कोरं ठेवलं होतं आणि तिसरा नग आता तिच्या तळहातावर होता.

“काका, हा लाल रंग लेन्स घेतली तेव्हापासूनच आहे ना?”

शिवप्पांनी आत पाहिलं. “अगं, च्या झाला का?”

“इचारलंय तुमाला आन् तुमी च्याला पुढं करा,” आतून त्यांच्या पत्नी बानूबाईंचा आवाज आला.

अर्पितानं पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. कारखान्यात आकडे असेच भरत. रंग फासायचा, मग वरचा पुसून टाकायचा. कोरलेल्या खाचेत उरेल तोच आकडा. इथंही तसंच झालेलं होतं. मात्र हा रंग एकसंध नव्हता. त्यात थर होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, एकावर एक. तिनं ते मोजायला घेतले आणि सोडून दिले. मनात शंकेची पाल चुकचुकली. स्पिरिटचा बोळा फिरवला असता तर निकाल लागला असता. कारखान्याचा रंग हलला नसता. हलला, तर चौदावा प्रकारच नाही.

“थोडंसं पुसून पाहू का, काका?”

“नगं!” शिवप्पा अर्धवट उठलेच.

बानूबाई कपबशा घेऊन बाहेर आल्या. “पुसू द्या की त्यास्नी. खंडेनवमीला म्या परत भरीन.”

कापूस लाल झाला. अर्पितानं तो नाकाशी नेला. तेलात कालवलेलं कुंकू होतं. तिनं डोळे मिटले. अकरा वर्षांतलं सगळ्यात मोठं पान हातातून गेलं होतं.

“काकू, हे तुम्ही भरता?”

“मग कोण? नवमीला हत्यारं पुजायची आस्त्यात. सगळ्याला बोट लावायचं, पर ह्या आकड्यात मातुर दाबून भरायचं. मला विंग्रजी आकडं कुठं येत्यात? लाल आला की कडं थांबवायचं. पायरीवरचं जोडपं पायापासून डोस्क्यापतुर साफ येतंय.”

अर्पिताला क्षणभर उमगलं नाही. “कडं... तुम्ही फिरवायचात?”

“समदं फोटू तिनंच काढल्यात, म्याडम,” शिवप्पा खाली बघत म्हणाले. “नव्या नवऱ्या माझ्यापुढं मानच वर करीनात. तिनं ‘वर बघ गं माय’ म्हणलं की बघायच्या. म्या आत अंधारात फिलम धुवायचो.”

“आन् पाटीवर नाव ह्यांचं,” बानूबाई हसल्या. “धुणंभांडी म्या करायची, तर ह्यांनी फिलम धुतली. फिट्टंफाट.”

अर्पितानं भिंतीकडे पाहिलं. चुडा भरलेल्या, मळवट भरलेल्या, कोवळ्या, घाबऱ्या कितीतरी मुली तिच्या डोळ्यांत डोळे घालून थेट पाहत होत्या.

मग एकाएकी तिनं मोबाईल काढला. त्या दोन संग्राहकांच्या लेन्सची छायाचित्रं उघडली आणि तो बानूबाईंच्या हातात दिला. बानूबाईंनी मोबाईल हातभर लांब धरला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

“ही म्हाळसाबाईची,” त्या म्हणाल्या. “ती कुंकवात मेण घालायची, म्हणून चकाकतंय बघ. आन् ही कडूबाईची. डावरी हुती ती. उलट्या अंगानं पुसलंय.”

अर्पिताला त्या रंगात आजवर एवढं कधीच दिसलं नव्हतं. भिंग तिच्या हातात तसंच राहिलं.

“कुठं घावल्या गं तुला ह्या?” बानूबाईंनी पडद्यावर हलकेच बोट ठेवलं. “तिन्ही क्यामेरे एकाच खेपेला हैदराबादेहून आणल्याले. महाद्वारापाशी फोटू काढणाऱ्या आमी तिघीच हुतो.”