चारशे तेरावं पान

ढुंढिराजकाका पंचवटीतले तीर्थोपाध्याय. त्यांच्या यजमानांच्या वह्या पुतणीने, आभाने, वेबसाइटवर चढवल्या. एका घराण्याला एक पान, एकूण चारशे बारा. गुगल मात्र चारशे तेराव्या पानाची तक्रार करत होतं: लिंक आहे, पान नाही.

पहिल्या एआय टूलने ती लिंक काढली. सकाळी ती परत आली. दुसऱ्या टूलनेही काढली, तरी आली. तिसऱ्याने काढली नाही. त्याने पानच भरून दिलं.

‘खळदकर. विनायकराव पत्नी मालिनी यांच्या अस्थी घेऊन आले.’ खाली तारीख उद्याची होती.

ही टूल्स कधीकधी मनचंच लिहितात, हे आभाला ठाऊक होतं. तरी तिने काकांना फोन लावला.

“खळदकर आपल्या वहीत नाहीत गं,” काका म्हणाले. “यजमान स्वतः येऊन सही करतो, तेव्हाच नोंद होते. थांब, दारात कोणी आलंय.”

फोन चालूच होता. पलीकडे एक बाई कशालातरी हसली.

“आभा, खळदकरच आलेत बघ. विनायकराव आणि मालिनीबाई, सहज दर्शनाला. चहा घेतायत. नोंद मात्र उद्या करू म्हणतात.”