साहेब आत आहेत

"हात हलवा, बाई. दिवा गेला."

सुंदरबाईने हात हलवला. दिवा लागला. टेबलामागे पुन्हा त्रिंबक कारकून दिसू लागला.

(परिपत्रक, कलम एक. वीज वाचवण्यासाठी सरकारी इमारतींत सेन्सरचे दिवे बसवण्यात येत आहेत. माणूस हलला तरच दिवा लागेल.)

त्यामुळे हे कार्यालय सकाळी उजळायचं आणि सगळे कामाला बसले की विझायचं. वीजबचतीत जिल्ह्यात पहिला नंबर आला. बीडला समारंभ झाला, ढाल मिळाली. ती कुठे ठेवली आहे, ते अंधारात सापडत नव्हतं.

सुंदरबाईला एक सही हवी होती. बाहेर मुकादमाचा ट्रॅक्टर उभा होता. टोळी सांगलीकडच्या कारखान्याला निघाली होती. सही झाली, तर तिची आठवीतली पोर वर्षाराणी हंगामी वसतिगृहात राहणार. शाळा चालू. नाही झाली, तर ट्रॅक्टरमध्ये, आईबापाबरोबर, ऊसतोडीला. गेल्या वर्षी ती अशीच गेली होती. अख्खा हंगाम मोळ्या बांधून आली.

"तुमीच करा की सही, भाऊसाब."

"साहेब नसते तर केली असती. तसा नियमच आहे. साहेब गैरहजर, तर सही माझी. पण साहेब आहेत ना!"

त्रिंबकने केबिनकडे बोट दाखवलं. दाराच्या काचेतून लख्ख उजेड येत होता.

(कलम दोन. केबिनमधला दिवा लागलेला असेल, तर अधिकारी हजर समजावा. वेगळी हजेरी घेऊ नये.)

"सकाळधरनं आतच हायत. बोलवा की मग."

"मीटिंग चालू आहे."

"कुनासंगं?"

त्रिंबक हलला नाही. दिवा विझला. सरकारच्या लेखी आता तिथे कोणीच नव्हतं. विचारायचं कोणाला?

(कलम तीन. वाचता आलं नाही.)

बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग तिच्या नवऱ्याचा, रामकिसनचा आवाज, "पोरीला घेऊन ये आता! मुकादम शिव्या द्यायलाय!"

आईशेजारी उभ्या वर्षाराणीने खांद्यावरचं दप्तर काढून बाकावर ठेवलं. दिवा लागला. फडावर ते लागणार नव्हतं.

"चल आये. लई झालं."

सुंदरबाई उठली. ती दाराकडे नाही, केबिनकडे निघाली.

"अहो बाई, कावून चालल्या तिकडं? साहेब वरडतील!" घाबरल्यावर त्रिंबकची सरकारी भाषा सुटली. तो मागे धावला. नोकरीत बहुधा पहिल्यांदाच.

तिने दार ढकललं.

खुर्ची रिकामी. वर पंखा पूर्ण वेगात. खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल वाऱ्याने फडफडत होता. अखंड. मन लावून. अख्ख्या कार्यालयात काम करणारा तेवढाच.

"साहेब कुटं हायत?"

"मेव्हणीच्या लग्नाला. सोमवारपासून." त्रिंबक कुजबुजला. मग किंचाळला, "पंख्याला हात लावू नका! साहेबांची हजेरी हाय ती!"

तिने बटण दाबलं. पंखा मंदावला, थांबला. टॉवेल गप्प लोंबला.

"वर्षे, हलू नको."

पोरगी दारात खिळली. त्रिंबकला मात्र नियम पाठ होता. साहेबांना हजर ठेवायला एक हात हलवला तरी पुरे. त्याने हात उचललाच. सुंदरबाईने मनगट धरलं. वीस हंगाम कोयता धरलेली मूठ ती. त्रिंबकला नुसतं बोटही हलवता येईना.

तिघं उभे. श्वासही हळू.

दिवा विझला.

"आता सांगा, भाऊसाब," अंधारात ती म्हणाली. "हापिसात कोन हाय?"

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

"मी हाय, बाई," त्रिंबक म्हणाला. "हात सोडा. सही करायचीय."