सतरा अंशांची पाचर

कुसुमताईंनी पाचरीच्या निमुळत्या टोकावरून पुन्हा एकदा रंधा फिरवला आणि ती खिडकीशी धरून पाहिली. उतार वाढला होता, पण डोळ्यांना कळत नव्हता. दोन-तीन अंशांचाच तर फरक. भुसा त्यांनी गोळा केला आणि चुलीत टाकला.

ही पाचर म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, मुकुंदरावांच्या बिऱ्हाडाचा पाया. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, त्यांच्यात एक लांब स्क्रू आणि वर कॅमेरा, एवढ्या सरंजामाला ते बिऱ्हाड म्हणत. पिशवीत घालावं आणि बसच्या टपावर टाकून कुठेही न्यावं. खाली पाचर सरकवून बिजागरी ध्रुवाकडे रोखायची आणि स्क्रू हळूहळू फिरवत बसायचं. मग कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकतो आणि आकाशाचा भला मोठा पट्टा एकाच फोटोत येतो. हैदराबादेत ध्रुव क्षितिजापासून सतरा अंशांवर, म्हणून पाचरही तेवढ्याच उताराची. इतक्या खालचा ध्रुव धुरळ्यात सहसा दिसत नाही. होकायंत्राने उत्तर धरायची आणि बाकी सगळं पाचरीवर सोडायचं. पाचर चुकली की प्रत्येक तारा अळीसारखा लांबतो.

मुकुंदराव गेले त्या आठवड्यात त्यांचा मित्र नरहर सांत्वनाला आला आणि जाताना मुकुंदरावांनी काढलेली एक फिल्म गुपचूप घेऊन गेला. पुढे मुंबईच्या एका मासिकात आकाशगंगेचा पानभर फोटो आला, खाली नाव नरहरचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, असं कुसुमताईंनी नुसतं ऐकलं होतं. हा तर त्यांच्याच बैठकीत बसून चहा पिऊन गेला होता. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. बाईमाणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? पण डूख धरला तो धरलाच.

आणि आज सकाळी त्याचाच निरोप आला होता, बिऱ्हाड हवंय म्हणून.

दुपारी नरहर काचीगुड्याहून विद्यानगरला चालत आला.

"नाही म्हणू नका वहिनी," तो म्हणाला. "हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, आपल्या मराठी नोकरांची वाटणी मुंबईकडे. माझा तबादला औरंगाबादला निघणार म्हणतात. जायच्या आधी इथलं आकाश एकदा घेतो. मासिकवाले मागे लागलेत, मृग नक्षत्र पाहिजे म्हणतात."

"कुठून घेणार?"

"विकाराबादच्या टेकडीवरून. अंधार चांगला असतो तिथं."

"न्या की. ते गेल्यापासून हात कोण लावतंय त्याला?"

"तुम्ही परेशान होऊ नका, जपून वापरतो. पाचरीला तर बोटसुद्धा लावणार नाही. मुकुंदाचं माप आहे ते."

"तेच बरं," कुसुमताई म्हणाल्या. पिशवीची नाडी त्यांनी स्वतः आवळून दिली.

त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं. आता मासिकाला अळ्यांनी भरलेलं आकाश जाईल. संपादक विचारेल, पहिला फोटो घेणारा हात कुठे गेला? मग नरहर काय सांगणार? उशिरा का होईना, तो फोटो कोणाचा होता ते चारचौघांत फुटेल. भिंतीवरच्या मुकुंदरावांकडे बघून त्या म्हणाल्यासुद्धा, "थोडे दिवस कळ काढा."

नरहर उगवला तो एकदम पाडव्याच्या सुमारास. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मासिकाचा अंक. उंबरा ओलांडताच तो कुसुमताईंच्या पाया पडला. त्यांना मनातून बरं वाटलं. खोड मोडली होती तर.

"पान उघडा, वहिनी."

त्यांनी उघडलं. मृग नक्षत्र पानभर पसरलं होतं आणि त्यातला एकेक तारा मोहरीसारखा सुटा, गोल होता. खाली नाव नरहरचं. कुसुमताईंनी अंक खिडकीशी धरून पाहिला.

"विकाराबाद राहूनच गेलं," नरहर सांगू लागला. "पिशवी नेली आणि दुसऱ्याच दिवशी हुकूम आला, ताबडतोब रुजू व्हा. औरंगाबादला ध्रुव वीस अंशांवर. सतराची पाचर तिथं काय कामाची? नवी करून घ्यावी म्हणून सुताराकडे नेली. त्यानं मोजली तर वीसच."

त्याने पुन्हा वाकून हात जोडले.

"त्या चोरीबद्दल तुम्ही मला जन्मात माफ करणार नाही असं वाटायचं, वहिनी. आणि तुम्ही तर माझ्यासाठी औरंगाबादची पाचर तासून ठेवली होतीत."